सांगली बाजूला सारून पुणं ऐकायचं: क्रिस्टल सेटचं ट्यूनिंग

मिरजेत क्रिस्टल सेट, म्हणजे बॅटरीशिवाय नुसत्या एरियलच्या संदेशावर चालणारा साधा रेडिओ, करणाऱ्याला सांगली केंद्र शोधावं लागत नसे. ते आपणहून यायचं आणि हलायचं नाव घेत नसे. गँग, म्हणजे केंद्र लावायला फिरवायचा कंडेन्सर, या टोकाला फिरवा नाहीतर त्या टोकाला, कानात सांगलीच. माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी सातवीत असताना, १९७९च्या उन्हाळ्यात, अण्णांनी माझ्या हातात वाइंडिंगच्या वायरीचं रीळ दिलं आणि म्हणाले, "सांगली काय, कुणीही ऐकवेल. तू मला पुणं ऐकव." सांगली १२५१ किलोहर्ट्झवर, पुणं ७९२वर. पुणं दोनशे किलोमीटर लांब आणि सांगली अगदी उशाशी. तो सेट जमायला मला दोन उन्हाळे लागले. खाली लिहिते आहे ते त्या दोन उन्हाळ्यांत कळलेलं, आणि पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांकडून असे सेट करवून घेताना पक्कं झालेलं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. कॉइल, म्हणजे वायरीचं वेटोळं, आणि कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, जोडले की अनुनाद होतोच, म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या संदेशाला ही जोडी आपणहून साथ देते. त्यात आपली काही करामत नसते. कसब लागतं ते त्या जोडीवर ओझं न टाकण्यात. पहिल्या उन्हाळ्यात माझी कॉइल चांगली होती, गँग चांगली होती, तरी पुणं आलं नाही, कारण एरियल, संदेशातून आवाज वेगळा काढणारा डायोड आणि हेडफोन असे तिघं मिळून त्या कॉइलच्या मानेवर बसले होते.

तरफ काय करते ते बघा

दुकानामागच्या गल्लीत सतारी बनत. तिथल्या एका कारागीर काकांनी मला तरफेच्या तारा दाखवल्या. पडद्यांच्या खालून जाणाऱ्या या तारा मुख्य तारेसारख्या सतत छेडायच्या नसतात, नुसत्या सुराला लावून ठेवायच्या असतात. काकांनी कागदाचा बारीक कपटा दुमडून एका तरफेवर घोडेस्वारासारखा बसवला आणि वरच्या तारेवर सूर वाजवत गेले. सा, रे, ग वाजले, कपटा ढिम्म. मग तरफेचा स्वतःचा सूर लागला आणि कपटा थरथरून खाली पडला. नंतर त्यांनी तरफेला बोटाचं टोक अलगद टेकवलं आणि तोच सूर पुन्हा वाजवला. कपटा जागचा हलला नाही.

रेडिओत तरफेच्या जागी कॉइल आणि कंडेन्सर असतात. कंडेन्सरमध्ये साठलेला विद्युतभार कॉइलमधून धावू लागतो आणि कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. कंडेन्सर रिकामा झाला तरी प्रवाह थांबत नाही. क्षेत्र मावळताना कॉइल तो पुढे रेटत राहते आणि कंडेन्सर उलट्या बाजूने भरतो. मग तोच प्रवास परतीच्या दिशेने. ही ये-जा सेकंदाला किती वेळा होईल हे फक्त दोन गोष्टींवर ठरतं, कॉइल केवढी आणि कंडेन्सर केवढा. एरियलमध्ये त्या क्षणी सगळी केंद्रं एकदम शिरलेली असतात, पण ज्याची ये-जा आपल्या जोडीशी जुळते त्याचेच धक्के योग्य वेळी पडतात आणि साठत जातात. बाकीच्यांचे धक्के कधी अनुकूल, कधी प्रतिकूल, त्यामुळे ते एकमेकांना पुसून टाकतात.

लिव्हरपूलमध्ये भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी १८९०च्या सुमारास हे दोन लायडन जार, म्हणजे काचेच्या बरणीचे जुने कंडेन्सर, घेऊन दाखवलं होतं. एका जारची ठिणगी पाडली की काही अंतरावरच्या दुसऱ्या जारवरही ठिणगी दिसे, पण दुसऱ्याच्या तारेचा वळसा सरकवून नेमक्या मापाला आणला असेल तरच. १८९७ साली त्यांनी सूर जुळवलेल्या बिनतारी यंत्राचं पेटंट घेतलं. लॉज यांचा तो दुसरा जार म्हणजे कागदाचा कपटा बसवलेली तरफच.

आकडेमोड, एकदाच

मीडियम वेव्हसाठी सोपं सूत्र असं: वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, त्याने २५३३० ला भागा. जे येईल तो कॉइलच्या मायक्रोहेन्री आणि कंडेन्सरच्या पिकोफॅरडचा गुणाकार. पुण्यासाठी ०.७९२ चा वर्ग ०.६२७३, भागाकार साधारण ४०,३८०. कॉइल २०० मायक्रोहेन्रीची ठेवली तर कंडेन्सर २०२ पिकोफॅरड हवा. त्याच कॉइलवर सांगलीला ८१ पुरतात, मुंबईच्या १०४४ला ११६ आणि मुंबईच्याच ५५८ला ४०७.

इथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. वारंवारता तिप्पट करायची तर कंडेन्सर नऊपट लहान करावा लागतो. आपल्या मीडियम वेव्हचा पट्टा ५३१ ते १६०२ म्हणजे जवळजवळ तिप्पटच, म्हणून गँग एका टोकाला साडेचारशेच्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला पन्नासच्या खाली उतरली पाहिजे. गँगची पाती साधी अर्धगोल असतील तर वरच्या वारंवारतेची केंद्रं डायलच्या एका कोपऱ्यात गर्दी करतात. चांगल्या जुन्या गँगची पाती एका बाजूला निमुळती कापलेली दिसतात ती याचसाठी.

आणि नवाची कसोटी लक्षात ठेवा. नोव्हेंबर १९७८ पासून आपल्याकडची मीडियम वेव्ह केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवली आहेत, आणि प्रत्येक आकडा नवाच्या पाढ्यातला आहे. ७, ९, २ ची बेरीज १८. १, २, ५, १ ची ९. कुणी तुम्हाला केंद्राचा आकडा सांगितला आणि अंकांची बेरीज नवात बसली नाही, तर तो आकडा उतरवताना चुकला आहे.

सामान

कामाला लागण्याआधी घरात किंवा शेजारी मीडियम वेव्हचा साधा रेडिओ असेल तर तो लावून तुमच्या गावात कोणती केंद्रं आज येतात ते बघा. काही ठिकाणची मीडियम वेव्ह प्रक्षेपणं बंद झाली आहेत. नसलेल्या केंद्रासाठी आठवडाभर कॉइल गुंडाळत बसलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांचा चेहरा विसरत नाही.

वायर मोटार वाइंडिंगवाल्याकडे मिळते. २६ गेजची इनॅमल वायर मागा. तो तोलून देईल. अकरा-बारा मीटर लागते, म्हणजे वीसेक ग्रॅम. नळकांड्यासाठी पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, बाहेरून मोजून ५० मिलिमीटर व्यासाचा. दुकानदार पाइपचं नाव इंचात सांगतो आणि ते बाहेरचं माप नसतं, म्हणून पट्टी घेऊन जा.

गँग जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतली, पत्र्याच्या पात्यांची मिळाली तर उत्तम. तिचा एक भाग चारशे-पाचशे पिकोफॅरडचा असतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या सामानाच्या दुकानात विचारावं. छोट्या ट्रान्झिस्टरमधली पीव्हीसी गँगही चालते, पण तिचे दोन्ही भाग एकत्र जोडले तरी बऱ्याचदा दोनशेच्या आसपासच हाती येतात. तेव्हा वेढे वाढवायची तयारी ठेवा.

डायोड जर्मेनियमचा हवा, ओए७९ किंवा १एन३४. सिलिकॉनचा साधा डायोड अर्धा-पाऊण व्होल्ट मिळाल्याशिवाय दार उघडत नाही आणि आपल्याकडे येणारा संदेश त्याहून फार लहान असतो. जर्मेनियमचं भागतं साधारण पाव व्होल्टच्या आतच. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना खड्याचा असा ग्राहक करून १९०४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट मिळवलं. हातातल्या काचेच्या नळीएवढ्या डायोडचा पूर्वज तो आहे, हे मी प्रत्येक वर्गाला सांगायची.

ऐकण्यासाठी पूर्वी दोन हजार ओहमचे हेडफोन मिळायचे. आज ते मिळणं कठीण, म्हणून बॅटरीवर चालणारा, तारेचं इनपुट असलेला छोटा स्पीकर घ्या. चार्जर काढूनच वापरा, नाहीतर घुंईं आवाज केंद्राला गिळतो.

कॉइल

पाइपच्या एका टोकाला दोन बारीक भोकं पाडून वायर ओवून घ्या, मग ६८ वेढे एकाला एक चिकटवून घाला. वेढ्यांची लांबी साधारण ३४ मिलिमीटर भरेल. वायर दाराच्या कडीला बांधून ताणून धरावी आणि पाइप हातात फिरवत दाराकडे चालत जावं. वायर पाइपभोवती फिरवली की तिला पीळ पडतो, वेढे एकमेकांवर चढतात आणि चाळिसाव्या वेढ्याला सगळं सुटतं. अण्णांनी हे मला सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा सुटल्यावर त्यांनी उठून नुसती कडी दाखवली.

मोजताना २२व्या वेढ्याशी थांबा. तिथे वायरीचा छोटा कान काढून पीळ द्या, लेप खरवडून ठेवा आणि पुढे चला. हा कान पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरणार आहे. ज्या टोकापासून २२ मोजले ते अर्थचं, म्हणजे जमिनीला जोडायचं टोक.

मल्टिमीटर लावला तर ही कॉइल जेमतेम एक ओहम दाखवेल. त्यावर विश्वास ठेवू नका. सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा उलटसुलट होणारा प्रवाह तांब्याच्या आत शिरत नाही, पृष्ठभागावरच्या ०.०७ मिलिमीटरच्या थरातूनच वाहतो. शिवाय शेजारचे वेढे त्याला आणखी एका कडेला ढकलतात. त्यामुळे खरा रोध मीटरच्या आकड्याच्या कितीतरी पट असतो. तो १० ओहम धरू. पुण्याच्या वारंवारतेला कॉइलचा अटकाव जवळजवळ १००० ओहम. हजाराला दहाने भागलं की १००. हा कॉइलचा क्यू, म्हणजे केंद्र निवडण्याची तिची धार. ७९२ ला १०० ने भागलं की ८, म्हणजे ही जोडी साधारण ८ किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा आत घेते. केंद्रा-केंद्रांत अंतर ९. वीसेक ग्रॅम वायरीतून हे मिळतं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ओझं

आता जोडणी. गँगचं एक टोक कॉइलच्या वरच्या टोकाला, दुसरं अर्थच्या टोकाला. फिरणारी पाती अर्थच्या बाजूला ठेवा. उलटं केलं तर गँगच्या दांड्याला हात लावला की केंद्र सरकतं, हात काढला की परत सरकतं, आणि माणूस वेडा होतो.

डायोड कॉइलच्या वरच्या टोकाला जोडायचा मोह होतो, कारण तिथे सगळ्यात जास्त व्होल्टेज असतं. मीही तेच केलं होतं. आता हिशेब बघा. अनुनादाला आलेली ही जोडी बाहेरून एक लाख ओहमसारखी दिसते. डायोडच्या पुढे ४७ हजार ओहमचा रोध असेल तर डायोड त्या जोडीला साधारण साडेतेवीस हजारांचा भार दाखवतो. एक लाखाच्या शेजारी हा भार बसला की क्यू १०० वरून १९ वर कोसळतो. तरफेला टेकवलेलं बोट ते हेच. पट्टा आठाचा बेचाळीस किलोहर्ट्झ होतो आणि सांगली दार ढकलून आत येते.

डायोड २२व्या वेढ्याच्या कानाला जोडला की तो कॉइलच्या एक तृतीयांशावर बसतो, आणि त्याचा भार वरून बघताना एक नवमांशच वाटतो, म्हणजे साडेतेवीस हजारांचे दोन लाख अकरा हजार. क्यू ६८ च्या आसपास राहतो. व्होल्टेज तिसरा हिस्सा मिळतं हे खरं, पण भार हलका झाल्याने कॉइलवरचं मूळ व्होल्टेजच वाढलेलं असतं, त्यामुळे आवाज वाटतो तितका पडत नाही. आणि आवाज थोडा कमी झाला तरी जो येतो तो एकट्या पुण्याचा असतो.

डायोडच्या दुसऱ्या टोकापासून अर्थपर्यंत ४७ हजार ओहमचा रोध आणि त्याच्याच शेजारी १००० पिकोफॅरडचा कंडेन्सर. त्याच टोकापासून ०.१ मायक्रोफॅरडमधून स्पीकरच्या इनपुटला. स्पीकरची दुसरी तार अर्थला.

एरियलचं ओझं तर डायोडपेक्षा वाईट. दहा-पंधरा मीटर तार थेट वरच्या टोकाला बांधली की ती स्वतःच एक कंडेन्सर असल्यासारखी गँगला समांतर बसते. गँग पूर्ण उघडली तरी वरची केंद्रं हाताला लागत नाहीत, आणि अर्थमधला सगळा रोध कॉइलच्या गळ्यात पडतो. म्हणून अर्थच्या टोकाजवळ, मुख्य वेढ्यांवर कागदाची पट्टी गुंडाळून, वेगळ्या वायरीचे आठ-दहा वेढे घाला. त्यांचं एक टोक एरियलला, दुसरं अर्थला. एवढ्याशा स्पर्शाने पुरेसा संदेश पोचतो. वेढे वाढवले की आवाज वाढतो आणि धार बोथट होते. कमी केले की उलट. माझ्या सेटला सहावर येऊन थांबावं लागलं.

अर्थसाठी ओलसर जमिनीत लोखंडी गज ठोका किंवा धातूच्या पाण्याच्या नळाला तार बांधा. भिंतीतल्या विजेच्या सॉकेटमध्ये काहीही खुपसायचं नाही. एरियल विजेच्या तारांच्या वर, खाली, जवळून, कुठूनही न्यायचं नाही.

फिरवा, पण सावकाश

क्यू ६८ असलेल्या जोडीत पुण्याचा संदेश भरायला वीस-बावीस आवर्तनं लागतात, म्हणजे सेकंदाचे पंचवीसेक दशलक्षांश. ते कानाला कळत नाही. सावकाश फिरवायचं कारण बोटात आहे: अर्ध्या वर्तुळात सगळा पट्टा असतो आणि केंद्राच्या वाट्याला अंशभराचीच जागा येते. गँगच्या दांड्यावर मोठा बाटलीचा बूच घट्ट बसवा, बोटाची हालचाल तेवढी बारीक होते. पहिल्यांदा जवळचं केंद्र घ्या, बुचावर पेन्सिलीने खूण करा आणि आकडा लिहा. दोन-तीन खुणा झाल्या की मधली केंद्रं कुठे असतील याचा अंदाज येतो.

क्यू वाढवत न्यायचा सोसही नको. २०० पर्यंत नेला तर पट्टा ४ किलोहर्ट्झचा उरतो, आणि बोलण्यातले स, श आणि बासरीची वरची धार कापली जाते. बातम्या घोंगडीतून ऐकल्यासारख्या वाटतात. सत्तर-ऐंशी माझ्या कानाला योग्य वाटतं.

शेजारच्या केंद्रासाठी सापळा

इतकं सगळं केल्यावरही मिरजेत ७९२च्या मागे सांगली कुजबुजत होतीच. क्यू ६८ ची एक जोडी १२५१वरच्या संदेशाला साठपटीहून थोडं जास्त दाबते. पण शेजारचं केंद्र लांबच्या केंद्रापेक्षा शेकडो पटींनी बलवान असू शकतं. दुसऱ्या उन्हाळ्यात अण्णांनी सांगितलं, की पुण्याला आत घेण्याची खटपट पुष्कळ झाली, आता सांगलीला दारात अडव.

त्यासाठी पहिल्यासारखीच दुसरी कॉइल, ६८ वेढ्यांची, मधला कान नको. तिच्याशी समांतर दुसरी गँग. ही जोडी एरियलच्या वाटेत घाला, म्हणजे एरियलची तार आधी हिच्यातून जाईल आणि मग आठ-दहा वेढ्यांकडे. समांतर जोडी अनुनादाला भिंतीसारखी उभी राहते: त्या एका वारंवारतेला लाखभर ओहमचा अडथळा, बाकीच्यांना वाट मोकळी. तोच अनुनाद, फक्त या वेळी घालवण्यासाठी वापरलेला.

दोन्ही कॉइली एकमेकींपासून हातभर लांब आणि काटकोनात ठेवा, एक उभी, एक आडवी. समोरासमोर ठेवल्या तर अडवलेलं केंद्र चुंबकीय क्षेत्रातून उडी मारून पलीकडे जातं. मग मुख्य गँगने सांगली स्वच्छ लावा, खणखणीत येऊ द्या. आता मुख्य गँगला हात न लावता सापळ्याची गँग फिरवा. ८१ पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे पाती बरीचशी उघडी असताना, आवाज एकाएकी खाली बसेल. सगळ्यात खाली जिथे बसतो तिथे सापळ्याची गँग सोडा आणि दांड्यावर मेणाचा थेंब टाका म्हणजे ती हलणार नाही. त्यानंतर मुख्य गँग ७९२च्या खुणेवर आणा, आणि खूण थोडी सरकली असेल तर डावी-उजवीकडे केसभर शोधा, कारण सापळ्याने एरियलचा भार जरा बदललेला असतो.

आमच्याकडे हे संध्याकाळी, अंधार पडल्यावर जमलं. सूर्य मावळल्यावर मीडियम वेव्हचे संदेश वातावरणाच्या वरच्या थरातून परत फिरतात आणि लांबची केंद्रं वर येतात, म्हणून तुम्हीही पहिला प्रयत्न त्याच वेळी करा. अण्णा दुकानाचं अर्धं शटर ओढून आले, हेडफोन कानाला लावून उभे राहिले, आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या बुचावर पेन्सिलीने ७९२ लिहिलं.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी एरियल सेटपासून सोडवून थेट अर्थच्या तारेला बांधून टाका. ढग गडगडायला लागल्यावर हे करायला जायचं नाही.